चर्चेत टिकून राहण्यासाठी: ऑनलाइन सार्वजनिक चर्चेत नव्याने उतरणाऱ्या स्त्रियांसाठी मार्गदर्शन

गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात मी पाण्याच्या टँकरचा हिशेब मांडला. मे महिन्यात प्रत्यक्ष किती टँकर आले, वॉचमनच्या वहीत किती नोंदले गेले आणि बिले किती टँकरची लागली, असे ते तीन आकडे होते आणि ते एकमेकांशी जुळत नव्हते. पहिले उत्तर आले, "ताई, आज स्वयंपाकाला सुट्टी दिसते." त्याखाली सात जणांनी हसरे चेहरे टाकले. दुसऱ्या एका गृहस्थांनी लिहिले, "साहेबांना सांगा, आम्ही त्यांच्याशी बोलून घेतो." साहेब म्हणजे माझे यजमान, आणि त्यांनी ती वही कधी उघडूनही पाहिली नव्हती. चार दिवसांनी तळमजल्यावरच्या एका काकांनी तेच तीन आकडे जसेच्या तसे टाकले, तेव्हा मात्र "मुद्दा महत्त्वाचा आहे, बैठकीत घेऊ" असे ठरले. मुद्दा मार्गी लागला याचे समाधान मला आहेच, पण त्यानंतर जवळजवळ दोन महिने मी त्या गटात एक अक्षरही लिहिले नाही, आणि त्या दोन महिन्यांत गटातल्या दुसऱ्या कोणत्याही बाईनेही काही लिहिले नव्हते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

सोसायटीचा गट असो, गावाचा असो, फेसबुक असो की एक्स, तिथे नव्याने मत मांडू पाहणाऱ्या स्त्रीच्या हाताशी जे असावे असे मला त्या दोन महिन्यांत वाटत राहिले, ते या लेखात आहे. अपमान किंवा भीती अंगावर आलेली असताना निर्णय नीट घेता येत नाहीत. म्हणून कोणत्या नावाने लिहायचे, कोणाला उत्तर द्यायचे आणि कोणाला नाही, पुरावा कुठे ठेवायचा, पोलिसांकडे केव्हा जायचे, हे सगळे पहिला संदेश लिहिण्याआधी, डोके शांत असताना ठरवून ठेवावे. पुढची प्रत्येक पायरी त्या ठरवण्याचाच एक भाग आहे.

पहिली पायरी: काय चालले आहे ते ओळखणे

शिवी लगेच ओळखू येते. पण स्त्रियांना चर्चेतून बाहेर काढण्याचे काम बहुतेक वेळा शिवीने होतच नाही, आणि म्हणून ते आधी ओळखायला शिकावे लागते. मराठीत त्याची सर्वांत सोपी खूण एकेरी संबोधन ही आहे. त्याच चर्चेत पुरुषांना "सर", "साहेब", "दादा" म्हणणारा अनोळखी माणूस बाईने मत मांडले की "तुला काय कळतं यातलं" असे लिहितो. वय, ओळख, शिक्षण यांपैकी कशानेही त्या 'तू'चे समर्थन होत नाही. त्याच्या उलट टोकाला "अहो ताई, तुम्ही कशाला या भानगडीत पडता" हे काळजीच्या सुरातले वाक्य असते. ते आदरार्थी असले तरी त्याचा उद्देश तुम्हाला विषयाबाहेर काढणे हाच असतो.

दुसरी खूण म्हणजे उत्तर तुम्हाला न देता तुमच्या घरातल्या पुरुषाला देणे: "भाऊ, वहिनींना जरा समजवा." तिसरी खूण माझ्या टँकरच्या हिशेबासारखी, म्हणजे बाईने मांडलेल्या मुद्द्यावर शांतता आणि तोच मुद्दा पुरुषाने मांडल्यावर दखल. चौथी खूण विषय सोडून तुमच्या दिसण्यावर, लग्नावर, मुलाबाळांवर, कपड्यांवर किंवा चारित्र्यावर घसरणे. रस्त्यावरच्या खड्ड्यांविषयी लिहिणाऱ्या पुरुषाला "तुमचे लग्न झाले आहे का" असे कोणी विचारत नाही.

हे तुमच्या एकटीच्या बाबतीत घडत नाही, हे आकड्यांनिशी माहीत असलेले बरे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात भारतातील ९५ महिला राजकारण्यांना उद्देशून आलेल्या एक लाखाहून अधिक ट्विट्सचा अभ्यास ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने केला होता. त्यांतले दर सातातले एक ट्विट त्रासदायक किंवा अवमानकारक होते, म्हणजे सरासरीने प्रत्येकीला दिवसाला सुमारे ११३. मुस्लिम महिला नेत्यांच्या वाट्याला धर्मावरून होणारी शिवीगाळ इतर स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त आली होती. २०२१ च्या जुलैमध्ये आणि पुन्हा २०२२ च्या जानेवारीत मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे त्यांच्या परवानगीशिवाय घेऊन त्यांचा 'लिलाव' मांडणारी ॲप तयार केली गेली. त्या स्त्रियांपैकी अनेक जणी पत्रकार, कार्यकर्त्या, जाहीरपणे बोलणाऱ्या होत्या, आणि दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने अटकाही केल्या. दलित आणि बहुजन समाजातील स्त्री लिहू लागली की तिच्या बाईपणाबरोबर तिची जातही ओढली जाते. तेव्हा ज्या स्त्रीवर हल्ला दोन बाजूंनी होणार, तिने पुढच्या पायऱ्या अधिक काटेकोरपणे पाळाव्यात, आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीशी अधिक लवकर उभे राहावे, असे मला मनापासून वाटते.

दुसरी पायरी: नाव ठरवणे

खऱ्या नावाने लिहायचे की टोपणनावाने, हा निर्णय भ्याडपणाचा किंवा शौर्याचा नसून सोयीचा आणि सुरक्षिततेचा आहे. आपल्याकडे त्याला जुनी परंपरा आहे. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंनी १८८५ साली टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली ती 'अ हिंदू लेडी' या सहीने. लहानपणी झालेल्या लग्नावरून त्यांच्यावर खटला चालू असतानाच्या काळात त्या लिहीत होत्या आणि ती सही हे त्यांच्या पत्रांचे संरक्षण होते. १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने कथा प्रसिद्ध झाल्या तेव्हा मराठी वाचकांत मोठा गदारोळ उठला, आणि कथांमधल्या प्रौढ अविवाहित मुलींच्या प्रश्नापेक्षा ही लेखिका आहे कोण याचाच शोध घेण्यात कित्येकांचा वेळ गेला. पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या लेखिकेला नावाच्या त्या आडोशामुळेच ते लिहिता आले. लिहिणाऱ्या बाईचा माग काढण्याची ती सवय आजही गेलेली नाही, फक्त साधने बदलली आहेत.

टोपणनाव घ्यायचे ठरवले तर ते अर्धवट घेऊ नये. त्या खात्यासाठी वेगळा ई-मेल पत्ता काढावा, घरच्या खात्यावरचे छायाचित्र तिथे वापरू नये, आणि नोकरी, शाळा, गल्ली, मुलांचे वाढदिवस यांचे उल्लेख टाळावेत, कारण चार निरुपद्रवी तपशील एकत्र केले की माणूस सापडतो.

मराठीत लिहिणाऱ्या स्त्रीपुढे आणखी एक अडचण असते, जी इंग्रजीत लिहिणाऱ्या स्त्रीला येत नाही. आपले क्रियापदच लिंग सांगून मोकळे होते. "मी म्हणते", "मी गेले" असे लिहिले की टोपणनाव कितीही तटस्थ असले तरी लिहिणारी बाई आहे हे उघड होते. लिंग झाकायचेच असेल तर वाक्याची घडण बदलावी लागते. "मी सांगितले", "मी पाहिले" या सकर्मक भूतकाळात आणि "मी सांगेन", "मी पाहीन" या भविष्यकाळात लिंग दिसत नाही. तसेच "मला वाटते", "माझे मत असे आहे" ही वाक्येही चालतात. (कोल्हापूरकडच्या बायका बोलताना सर्रास "मी आलो", "मी गेलो" म्हणतात, त्यांना ही अडचण थोडी कमी.) हे सगळे करावेच असे मी म्हणत नाही. स्वतः मी "म्हणते" असेच लिहिते. पण ज्या मुलीला घरून किंवा कामाच्या ठिकाणाहून त्रास होण्याची शक्यता आहे, तिला हा मार्ग माहीत असावा.

जिथे तुम्ही पदावर आहात, उदाहरणार्थ ग्रामपंचायत सदस्य, नगरसेविका, सोसायटीच्या समितीवर किंवा शाळेच्या व्यवस्थापन समितीवर, तिथे टोपणनावाचा प्रश्नच येत नाही. तिथे उलट पद आणि पूर्ण नाव दोन्ही लिहावे, आणि त्या पदाचा फोन स्वतःच्याच हातात ठेवावा. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत, तरीही कित्येक गावांच्या गटांत सरपंचबाईंच्या नावाने 'सरपंचपती' उत्तरे देतात. पहिल्या दिवसापासून स्वतः लिहिलेली दोन साधी वाक्येही ("नळयोजनेचे काम सोमवारी सुरू होईल. अडचण असल्यास मला कळवावे.") पुढच्या पाच वर्षांचा पायंडा पाडतात.

तिसरी पायरी: दारे-खिडक्या पाहून घेणे

हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि एकदाच करायचे आहे. व्हॉट्सॲपच्या मोठ्या गटात तुमचा क्रमांक सर्वांना दिसतो. तो लपवता येत नसल्यामुळे निदान प्रोफाइलचा फोटो, 'शेवटचे कधी पाहिले' आणि स्टेटस हे फक्त ओळखीच्यांनाच दिसेल असे करून घ्यावे. तुम्हाला कोणत्याही गटात परस्पर कोण घालू शकेल, याची मर्यादाही सेटिंगमधून घालता येते. फेसबुकने २०२० साली भारतात प्रोफाइल कुलूपबंद करण्याची सोय दिली, ती वैयक्तिक खात्याला लावावी आणि जाहीर लेखनासाठी वेगळे पान ठेवावे. प्रत्येक खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी आणि तिचा पिन घरातल्या कोणालाही सांगू नये. हे वाक्य काहींना कठोर वाटेल, पण खाती बळकावण्याच्या कितीतरी घटना ओळखीच्या माणसाकडूनच घडतात.

इन्स्टाग्रामवर नको असलेले शब्द असलेल्या टिप्पण्या आपोआप लपवता येतात. त्या यादीत मराठी शिव्या आपल्यालाच घालाव्या लागतात, आणि त्या देवनागरीत तर घालाव्यातच, शिवाय रोमन लिपीत जितक्या प्रकारे लिहिल्या जातात तितक्या सगळ्या प्रकारे घालाव्यात. एखाद्या मैत्रिणीबरोबर बसून ही यादी केली तर ते काम कमी क्लेशदायक होते. एक्सवर ब्लॉक केलेल्या माणसालाही २०२४ च्या अखेरीपासून तुमचे जाहीर लेखन वाचता येते, फक्त त्याला तिथे उत्तर देता येत नाही. त्यामुळे ब्लॉक केले म्हणजे तो आता पाहत नाही, असे समजून काही खाजगी लिहू नये.

चौथी पायरी: पहिला संदेश

पहिल्यांदा लिहिताना तुम्हाला ज्याची पक्की माहिती आहे, जे तुम्ही स्वतः मोजले, पाहिले किंवा सोसले आहे, असाच विषय निवडावा. रेशन दुकान महिन्यातून किती दिवस उघडे असते, मुलींच्या शाळेतल्या स्वच्छतागृहाला पाणी आहे की नाही, रात्री नऊनंतरची बस का बंद झाली, हे विषय लहान नाहीत, आणि या बाबतीत तुमच्यापेक्षा जास्त माहिती असलेला माणूस त्या गटात बहुधा नसतो.

संदेश लिहिताना सुरुवातीची माफी काढून टाकावी. "मला यातले फारसे कळत नाही, पण", "चुकले असेल तर क्षमा असावी", "लहान तोंडी मोठा घास घेते" ही वाक्ये आपल्याला लहानपणापासून विनय म्हणून शिकवली गेली आहेत, आणि गटात मात्र तीच तुमच्याविरुद्ध पहिल्यांदा वापरली जातात. मुद्दा, आधार आणि मागणी, एवढे तीन भाग पुरे होतात. माझा टँकरचा संदेश आज मी असा लिहीन: "मे महिन्यात वॉचमनच्या वहीत २२ टँकरची नोंद आहे, बिले २७ टँकरची आहेत. वहीच्या पानांचे फोटो सोबत जोडले आहेत. पाच टँकरच्या फरकाचा खुलासा समितीने रविवारच्या बैठकीत करावा." यात हसण्यासारखे काही शिल्लक राहत नाही. तरीही कोणी हसले, तर ते कशाला हसत आहेत हे बाकीच्यांना दिसते.

पाठवण्याआधी गटातल्या किंवा ओळखीच्या एका व्यक्तीला सांगून ठेवावे की मी हे मांडणार आहे, तुम्ही वाचून तुमचे मत लिहा. बाजू घ्या असे सांगायचे नाही, फक्त उत्तर द्या असे सांगायचे. पहिल्या दहा मिनिटांत मुद्द्याला धरून एक जरी उत्तर आले तरी पुढची सगळी चर्चा त्या वळणावर जाते. माझा हा अनुभव इतका वारंवार आला आहे की सगळ्या पायऱ्यांमधली एकच पाळा असे सांगायची वेळ आली तर मी हीच सांगेन.

पाचवी पायरी: कोणाला, किती वेळा उत्तर द्यायचे

उत्तर त्रास देणाऱ्याला उद्देशून दिले जात असले तरी वाचणारे दुसरेच असतात. दोनशे जणांच्या गटात लिहिणारे पंधरा आणि नुसते वाचणारे एकशे पंच्याऐंशी असतात, आणि तुमच्या उत्तराचा सूर त्यांच्यासाठी ठरवायचा असतो.

मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. पहिल्यांदा मुद्द्यावर परत आणायचे: "माझ्या स्वयंपाकाचा विषय नाही, पाच टँकरचा आहे. त्याबद्दल आपले काय म्हणणे आहे?" दुसऱ्यांदा वर्तनाचे नाव घ्यायचे: "आपण इतरांना अहो-जाहो करता आणि मला एकेरी लिहिता. कृपया मलाही तसेच संबोधावे." तिसऱ्यांदा उत्तर द्यायचे नाही. जिथे सोय असेल तिथे त्या माणसाला 'म्यूट' करायचे, म्हणजे त्याचे लेखन आपल्याला दिसणार नाही असे करायचे, आणि चर्चेतल्या बाकीच्यांशी बोलणे चालू ठेवायचे. नवऱ्याला निरोप देणाऱ्यांसाठी एक ठरलेले वाक्य जवळ ठेवावे: "हा मुद्दा मी मांडला आहे, उत्तरही मलाच द्यावे."

वाक्ये आधीच लिहून ठेवण्याचा सल्ला काहींना कृत्रिम वाटतो. पण हात थरथरत असताना शब्द सुचत नाहीत आणि सुचतात ते बहुधा नंतर पश्चात्ताप होईल असे असतात. फोनमधल्या टिपणवहीत अशी पाच-सहा वाक्ये ठेवली की ती फक्त उचलून चिकटवायची. शिवीला शिवीने उत्तर देऊ नये हे सभ्यतेसाठी तर आहेच, पण त्याहून व्यवहाराचे कारण असे की पुढे तक्रार करायची वेळ आली तर तुमचे तेच एक वाक्य सर्वांत आधी पुढे केले जाते.

मात्र सगळ्या विरोधाला छळ समजू नये. कोणी तुमचे आकडे चूक आहेत असे म्हणाले, पुरावा मागितला किंवा कडक शब्दांत मत खोडून काढले, तर तो चर्चेचा भाग आहे आणि त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवे. चूक निघाली तर ती एका ओळीत मान्य करावी.

सहावी पायरी: पुरावा

धमकी, अश्लील मजकूर, फोटोंची मोडतोड किंवा सतत पाठलाग यांपैकी काहीही झाले तर उत्तर देण्याआधी, ब्लॉक करण्याआधी आणि पुसण्याआधी पुरावा घ्यावा. पाठवणारा माणूस आपला संदेश सर्वांसाठी पुसू शकतो, म्हणून घाई इथे करायची. स्क्रीनशॉटमध्ये मजकुराबरोबर तारीख, वेळ, खात्याचे नाव आणि शक्य असेल तिथे दुवा दिसला पाहिजे. नुसता कापलेला मजकूर उपयोगी पडत नाही. त्या खात्यापासून त्या मजकुरापर्यंत जात स्क्रीनचे चलत्चित्र घेणे आणखी चांगले. प्रत्येक प्रसंगाची एका वहीत नोंद करावी: दिवस, वेळ, काय घडले, कोणी पाहिले. मूळ फोन विकू नये आणि त्यातला मजकूर पुसू नये, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावे लागते आणि तो मजकूर कोणत्या उपकरणातून आला हे त्यात सांगावे लागते.

हे सगळे पुन्हा पुन्हा पाहणे मनाला फार लागते. स्क्रीनशॉट घेऊन ते साठवण्याचे काम मैत्रिणीकडे किंवा बहिणीकडे सोपवता आले तर जरूर सोपवावे. तुम्ही ते सगळे वाचलेच पाहिजे असे कोणी ठरवलेले नाही.

सातवी पायरी: तक्रार

व्हॉट्सॲपवर एखाद्या व्यक्तीची किंवा गटाची तक्रार केली की तिथून तुम्हाला आलेले शेवटचे पाच संदेश कंपनीकडे जातात, त्यामुळे तक्रार त्या क्षणी करावी, पन्नास संदेश उलटून गेल्यावर नाही. प्रत्येक मोठ्या समाजमाध्यमाला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. हे बंधन २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी घातले, आणि नग्नता दाखवणारी किंवा बनावट केलेली खाजगी चित्रे तक्रार आल्यापासून २४ तासांत काढण्याची मुदतही त्याच नियमांनी आणली होती, ती २०२६ मध्ये दोन तासांवर आली. ॲपमधले तक्रारीचे बटण दाबून काही झाले नाही तर या अधिकाऱ्याला लेखी तक्रार करावी आणि तीत कोणता मजकूर, कोणता दुवा, कोणत्या कारणासाठी, एवढे स्पष्ट लिहावे. त्याचा निर्णय पटला नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते.

खाजगी छायाचित्रे पसरवण्याची धमकी असेल तर 'स्टॉप एनसीआयआय' ही सेवा प्रौढ स्त्रियांनी लक्षात ठेवावी. तुमचे छायाचित्र तिथे पाठवावे लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या चित्राचा एक अंकीय ठसा तयार होतो आणि तेवढाच सहभागी कंपन्यांना दिला जातो, त्यामुळे ते चित्र त्यांच्या माध्यमांवर चढवण्याचा प्रयत्न झाल्यास अडवता येतो.

पोलिसांकडे जाताना कलमे पाठ असण्याची गरज नाही, पण नावे माहीत असली की टोलवाटोलवी कमी होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७५ लैंगिक छळाचे, ७८ पाठलागाचे (स्त्रीच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणेही त्यात येते), ७९ स्त्रीच्या लज्जेचा अवमान करणाऱ्या शब्दांचे किंवा हावभावांचे आणि ३५१ धमकीचे आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ सी हे दुसऱ्याची ओळख चोरण्याचे, ६६ ई खाजगीपणाच्या भंगाचे आणि ६७ व ६७ ए ही अश्लील मजकुराची कलमे आहेत. जुने ६६ ए हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, तेव्हा त्याखाली तक्रार घेण्याचा किंवा तुमच्याविरुद्ध वापरण्याचा प्रश्न येत नाही.

"हे तर नुसते लिहिले आहे, बोलले कुठे" असे कोणी म्हणाले तर मुंबई उच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२४ चा निर्णय सांगावा. सोसायटीच्या वादातून एका स्त्रीबद्दल लिहिलेल्या अपमानकारक ई-मेलच्या त्या प्रकरणात जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५०९ मधला (त्याच्या जागी आता ७९ आले आहे) 'शब्द उच्चारणे' हा भाग लिहिलेल्या मजकुरालाही लागू होतो असे न्यायालयाने म्हटले. ज्यांचे बहुतेक वाद सोसायटीच्या गटांत होतात त्या आपल्यासारख्यांसाठी हा निर्णय फार मोलाचा आहे.

दखलपात्र गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. न्याय संहितेच्या ७५, ७८ आणि ७९ या कलमांखालची स्त्रीने दिलेली माहिती स्त्री अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते आणि एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात नकार मिळाला तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना (शहरात त्या दर्जाच्या अधिकाऱ्यांना) टपालाने पाठवावी आणि पोच जपून ठेवावी. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंद पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविषयीच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे आणि तिथे नाव न देताही माहिती देता येते. तातडीचा धोका असेल, म्हणजे कोणी घराचा पत्ता टाकला किंवा दाराशी येण्याची धमकी दिली, तर पोर्टलची वाट न पाहता ११२ क्रमांक लावावा.

आठवी पायरी, जी गटातल्या इतरांनी चढायची आहे

वरच्या सातही पायऱ्या स्त्रीने चढायच्या आहेत, आणि हे अन्यायाचे आहे हे मला मान्य आहे. म्हणून ही आठवी गटप्रमुखांसाठी आणि गटातल्या पुरुषांसाठी आहे.

२०१६ साली गोंदिया जिल्ह्यातल्या एका व्हॉट्सॲप गटात एका सदस्याने गटातल्याच एका स्त्रीविषयी घाणेरडी भाषा वापरली. गटप्रमुखाने त्याला ना काढून टाकले, ना माफी मागायला लावली, उलट आपण काही करू शकत नाही असे सांगितले. त्या स्त्रीने दोघांविरुद्ध तक्रार केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गटप्रमुखावरचा गुन्हा रद्द केला: सदस्याच्या मजकुराबद्दल, त्यामागे दोघांचा समान हेतू असल्याचे दिसल्याशिवाय, गटप्रमुखाला गुन्हेगार धरता येत नाही, कारण त्याच्या हाती सदस्य घेणे आणि काढणे यापलीकडे अधिकार नाहीत. कायदा म्हणून हा निर्णय बरोबरच आहे. पण त्यानंतर २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने गटप्रमुखाला कोणाचाही संदेश सर्वांसाठी पुसण्याचा अधिकार दिला आहे, आणि काढून टाकण्याचा अधिकार तर आधीही होताच. आता "आमच्या हातात काय आहे" हे उत्तर कोणत्याही गटप्रमुखाला शोभत नाही.

पुरुष सदस्यांकडून अपेक्षा मोठी नाही. बाईने मांडलेला मुद्दा पुन्हा मांडायचा असेल तर तिचे नाव घेऊन मांडावा. हसरा चेहरा टाकण्याआधी आपण कशाला हसतो आहोत ते पाहावे. आणि एकेरी संबोधन दिसले की ते तिने दाखवून देण्याची वाट न पाहता आपणच "अहो-जाहो करा" असे लिहावे. खाजगीत "ताई, तुमचे बरोबर होते" असा संदेश मला त्या वेळी चौघांनी पाठवला होता. त्यांतल्या एकाने तरी तो गटात लिहिला असता तर ते दोन महिने मी गप्प राहिले नसते.

आमच्या गटाच्या माहितीत आता चार ओळी लिहिलेल्या आहेत. समितीत त्यांवर दोन बैठका झाल्या आणि शब्दन् शब्द तपासला गेला. दुसऱ्या कोणाला त्या उपयोगी पडत असतील तर जशाच्या तशा घ्याव्यात:

"सर्वांना आदरार्थी संबोधावे. उत्तर मुद्द्याला द्यावे आणि ज्याने अथवा जिने मुद्दा मांडला त्याच व्यक्तीला द्यावे. कोणाच्याही घरसंसारावर, दिसण्यावर, जातीधर्मावर टिप्पणी आल्यास ती पुसली जाईल व लेखी समज दिली जाईल. दुसऱ्यांदा तसे झाल्यास तीन महिन्यांसाठी गटातून वगळले जाईल, आणि हा निर्णय एक स्त्री सदस्य असलेली तीन जणांची समिती घेईल."